सह्याद्रीत एकट्याने राहायला जायचंय? मग आधी क्रम नीट लावा

सगळं सोडून जंगलात जाऊन राहायचं, हे स्वप्न बघणारे खूप लोक आहेत आणि मला ते स्वप्न मनापासून पटतं, म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितेय. कारण बहुतेकांचं बिनसतं ते हिंमत कमी पडली म्हणून नाही, तर क्रम उलटा लागला म्हणून. आधी नोकरी सोडतात, मग दिवाळीच्या आसपास सगळं हिरवंगार असताना जमीन बघतात, ओढा खळखळ वाहत असतो, लगेच टोकन देऊन टाकतात, घर बांधायला काढतात आणि मग मे महिन्यात कळतं की तो ओढा फेब्रुवारीतच आटतो, किंवा जुलैत कळतं की रस्ता चार दिवस पाण्याखाली आहे आणि फोनला रेंज नाही. तोपर्यंत पैसे अडकलेले, परतीची वाट बंद.

हे सगळं कोकण आणि घाटमाथ्याच्या पट्ट्याबद्दल आहे, म्हणजे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि वरच्या अंगाला भोर, पाटण, शाहूवाडी, आजरा, चंदगड. विदर्भातल्या जंगलाचे प्रश्न वेगळे आहेत, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

एकूण वेळ धरा दीड ते दोन वर्षं. सुरुवात मे महिन्यात. राजीनामा सगळ्यात शेवटी.

टप्पा १: जंगलात नाही, जंगलाच्या कडेला

राखीव वनात झोपडी बांधून राहणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरणंसुद्धा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे चालत नाही, राहणं दूरची गोष्ट. "आत खोलवर कोण बघायला येतंय" असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, बीटवर फिरणाऱ्या वनरक्षकाला धूर लांबूनसुद्धा दिसतो. आणि आत जे लोक पिढ्यानपिढ्या राहतात त्यांचे वनहक्क कायद्याने मान्य केलेले आहेत, तुमचे नाहीत.

म्हणजे खरी निवड एकच उरते. वाडीपासून अर्धा-एक किलोमीटर लांब, रानाला लागून असलेली मालकीची किंवा भाड्याची जागा. एकांत तिथे भरपूर मिळतो. पावसाळ्यात तर आठ-आठ दिवस माणूस दिसत नाही.

चेक: जागेपासून चालत अर्ध्या तासात वाडी, आणि गाडीने साधारण तासाभरात ग्रामीण रुग्णालय, एवढं जमत नसेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडा. याचं कारण सातव्या टप्प्यात आहे.

टप्पा २: मे महिन्यात जाऊन पाणी मोजा

जमीन बघायची ती मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. वर्षातला सगळ्यात वाईट काळ तोच, आणि जे काही पाणी तेव्हा असेल तेच तुमचं खरं पाणी. इथे घाटमाथ्याला काही ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी त्याच गावात एप्रिलपासून टँकर लागतो, कारण उतार तीव्र, खाली कातळ, पाणी थांबतच नाही. पाऊस जास्त म्हणजे पाणी जास्त, हे गणित डोक्यातून आधी काढा.

मोजायची पद्धत सोपी आहे. झऱ्याच्या तोंडाशी केळीच्या सोपटाची किंवा पाइपच्या तुकड्याची पन्हळ लावा, खाली दहा लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. पाच मिनिटांत भरली तर मिनिटाला दोन लिटर, म्हणजे दिवसाला २८८० लिटर, हे भरपूर झालं. तासभर लागला तर दिवसाला २४० लिटर. तेही एका माणसाला पुरतं, फक्त रात्रीचं पाणी वाया न जाता टाकीत साठलं पाहिजे. तासात बादली अर्धीसुद्धा झाली नाही तर त्या झऱ्यावर भिस्त ठेवायची नाही.

मग वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पाणी त्यांनीच वाहिलेलं असतं, त्यामुळे कुठला झरा कुठल्या साली आटला हे त्यांना नेमकं माहीत असतं, पुरुष मंडळी बऱ्याचदा "बारमाही आहे" एवढंच ठोकून देतात.

सावधान: झरा तुमच्या हद्दीत असला तरी खालची वाडी वर्षानुवर्षं त्यावर पाणी भरत असेल तर तो अडवायचा विचार करू नका. भांडण पहिल्या दिवसापासून लागेल आणि चूक तुमचीच असेल.

टप्पा ३: एक अख्खा पावसाळा भाड्याच्या घरात

हा टप्पा लोक गाळतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कोकणात बंद घरं पुष्कळ असतात, मालक मुंबईला, चावी शेजारी, गणपतीला आणि शिमग्याला उघडायचं. असं एखादं घर जून ते सप्टेंबर भाड्याने मिळतं, फक्त गणपतीत मालकाची माणसं येणार हे धरून चाला. नोकरीत बिनपगारी रजा, वर्क फ्रॉम होम, जे जमेल ते करून निदान जुलै महिना तरी सलग काढा. मधे शनिवार-रविवार घरी पळायचं नाही, नाहीतर काहीच कळत नाही.

जुलैत काय होतं ते सांगते. झड लागली की सलग आठ-दहा दिवस ऊन नाही. कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात आणि मग त्यांना धुराचा वास लागतो. चामड्याच्या चपलेवर दोन दिवसांत पांढरी बुरशी. काडेपेटी ओढली की गुल नुसताच घासून निघतो. उघड्या भांड्यातलं मीठ आपोआप पाणी होतं. लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. आणि पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा असतो की रेडिओ लावला तरी ऐकू येत नाही, तो आवाज रात्रंदिवस. काही लोकांना यात अपार शांत वाटतं. काहींना पाचव्या दिवसापासून छातीत धडधडायला लागतं. आपण यातले कोण हे घरी बसून कळत नाही, आणि कळलं की त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त जमीन घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

याच काळात गाव जोडायचं. पोलीस पाटलांना स्वतःहून भेटा, नाव, मूळ गाव, आधारची कॉपी द्या, कशासाठी आलोय ते सरळ सांगा. नवखं माणूस एकटं राहतंय म्हटल्यावर गावाला शंका येते आणि ती रास्त आहे. सरपंच, आशाताई, दुकानदार, लाइनमन, एसटीचा ड्रायव्हर, रिक्षावाला यांची ओळख ठेवा. लावणीला कुणाच्या तरी शेतात दोन दिवस जा. बाई एकटी राहणार असेल तर गावातल्या एखाद्या काकूंशी घट्ट ओळख होईपर्यंत पुढचा टप्पा सुरूच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण गावात तुमच्या बाजूने बोलणारं एक घर असलं की पुष्कळ प्रश्न उद्भवतच नाहीत.

चेक: सप्टेंबरअखेर एका कागदावर लिहा, रस्ता किती दिवस बंद होता, लाइट किती दिवस नव्हती, रेंज कुठे मिळते, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) कधी पाण्याखाली गेला. हा कागद पुढे घर बांधताना लागेल.

टप्पा ४: कागद, दिवाळीनंतर

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, कूळकायदा १९४८, कलम ६३. घरात कुणाच्या तरी नावावर सातबारा आहे म्हणजे आपण आपोआप शेतकरी, असं समजू नका, तुमचं स्वतःचं नाव किंवा वारसा काय सांगतो ते तहसीलला आधी विचारा. शेतकरी नसाल तर गावठाणातलं जुनं घर, बिनशेती प्लॉट किंवा लांब मुदतीचं भाडं असे पर्याय आहेत, आणि खरं सांगायचं तर एकट्या माणसाला पाच-दहा वर्षांच्या रजिस्टर करारावर भाड्याची जागा घेणं हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो.

विकत घेणारच असाल तर सातबारा, आठ अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा), फेरफार (मालकी कशी बदलत आली त्याची नोंद) आणि मोजणीचा नकाशा हे चारही पाहिजेत. सातबाऱ्यावर तीन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा:

एक, भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कुठल्या अटींवर धरलेली आहे ते. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेताच येत नाही, आणि माझं म्हणणं तर असं की तिकडे जाऊच नये.

दोन, इतर हक्कांचा रकाना. तिथे कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा), बोजा (जमिनीवरचं कर्ज) आणि वनासंबंधी काही शेरा आहे का बघा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ मुळे पुष्कळ खाजगी रानं सरकारकडे गेलेली आहेत आणि लोक अजूनही ती "आमची" म्हणून दाखवतात.

तीन, नावांची यादी. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार सहज निघतात, निम्मे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद झालेली नाही. "बाकीच्यांचं मी बघतो" असं म्हणणाऱ्या एकाच हिस्सेदाराला पैसे द्यायचे नाहीत. सगळ्यांची सही, नाहीतर वाटप होईपर्यंत थांबा.

तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करायला कायद्याने बंदी असल्यामुळे, हवा तेवढा छोटा तुकडा मिळेलच असं नाही, तलाठ्याकडे विचारा. जायला रस्ता नकाशावर आहे का, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे, तेही आत्ताच बघा. शेतघर बांधायला परवानगी लागते आणि क्षेत्राच्या अटी असतात.

सावधान: टोकन देण्याआधी वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. हे पैसे वाचवायला जाऊ नका.

टप्पा ५: घर कुठे, घर कसं

जागेत सगळ्यात सुंदर कोपरा बहुधा उताराच्या पायथ्याला, ओढ्याकाठी असतो, आणि घर नेमकं तिथेच बांधायचं नसतं. दरडीखाली गाडली गेलेली गावं आठवा: माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, तिन्ही वेळेला महिना जुलै आणि कारण अतिवृष्टीत सुटलेला डोंगर. इर्शाळवाडीला तर जायला धड रस्ता नव्हता, बचावाची माणसं चिखलातून डोंगर चढून वर गेली. एकट्या घरात तुम्ही असाल तर तुम्ही तिथे आहात हे कळायलाच वेळ जाईल.

म्हणून घर सपाटीवर किंवा सोंडेच्या माथ्याजवळ, डोंगर खणून जोतं काढायचं नाही, जेसीबी लावून उतार कापायचा नाही. आजूबाजूची झाडं एका बाजूला कललेली, जमिनीत नव्या भेगा, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा थांबणं, यातलं काहीही पावसाळ्यात दिसलं तर सामान गोळा करत न बसता वाडीत निघून जायचं. रात्र असली तरी.

घर लहान बांधा. एक खोली, एक पडवी, संडास-न्हाणी, वर सामानाला माळा. जोतं निदान दोन फूट उंच. कोकणात चिरा आणि कौल स्वस्त नसले तरी टिकतात, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर बाहेर काढा. नैर्ऋत्येच्या बाजूला पडवीला झापांची (विणलेल्या झावळ्यांची) झड, म्हणजे आडोसा, बांधावा लागतो, नाहीतर पाऊस आडवा आत येतो.

पाणी साठवणं: छपराच्या एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चाळीस चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २००० लिटर, म्हणजे टाकी भरायला फार दिवस लागत नाहीत. प्रश्न भरण्याचा नाही, पुरवण्याचा आहे. दिवसाला २५ लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ३००० लिटर लागतात. पाच हजारांची टाकी ठेवा, परतीच्या पावसात शेवटची भरा, अंधार राहील अशी झाका. सुरुवातीच्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, छप्पर धुऊन जाऊ दे. प्यायचं पाणी उकळूनच, झऱ्याचं असलं तरी.

सोलर जरूर लावा, पण झड लागली की पॅनेल जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे फ्रिज, मिक्सर यांच्या नादी लागू नका. दोन दिवे, फोन, टॉर्च, बस.

आणि जानेवारी संपायच्या आत घराभोवती चार-पाच मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा करा. फेब्रुवारीपासून वणवे लागतात, वाऱ्यावर आलेली आग वाळलेल्या गवतातून माणूस पळेल त्यापेक्षा वेगाने येते. पट्टा साफ करताना पाला पेटवून द्यायचा मोह टाळा, अर्धे वणवे असेच सुटत असावेत. झाडं मात्र स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा मनाने तोडायची नाहीत, अनेक जातींना परवानगी लागते.

टप्पा ६: आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी

मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या), म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी घर भरलं पाहिजे. ही बेगमी गावात सगळेच करतात, तुम्ही फक्त त्यांच्याकडून शिकायचं.

एका माणसाला चार महिन्यांना अंदाजे: तांदूळ आणि नाचणी मिळून ६० किलो, कुळीथ-डाळी १० किलो, तेल ४ लिटर, मीठ २ किलो, गूळ, कांदे, लसूण, आमसुलं, चिंच, वर्षाचा मसाला, आणि खात असाल तर सुकट-बोंबील. नाचणी जास्त ठेवा, तिला कीड सहसा लागत नाही. तांदूळ मेच्या उन्हात वाळवून, गार करून मग पत्र्याच्या डब्यात, वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. गरम असताना झाकण लावलं तर आत पाणी सुटून सगळं खराब होतं, ही चूक नवखे हमखास करतात. काडेपेट्या आणि लायटर वेगळ्या बंद डब्यात. लाकूडफाटा एप्रिलमध्येच फोडून छपराखाली, भिंतीला न टेकवता, खाली दगड ठेवून रचा. त्याशिवाय एक गॅस सिलिंडर भरलेला असू दे.

रानभाज्या मिळतात, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, पण त्या ताटातली भर आहेत, पोटाचा आधार नव्हेत. पहिलं वर्ष गावातल्या बाईबरोबर जाऊनच खुडा. शेवळं नीट आंबट घालून शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की गिळता येत नाही. अळंबी ओळखता येत नसतील तर अजिबात नको, फोटो बघून तर नकोच.

शेतीतून पोट भरेन हे पहिली काही वर्षं धरू नका. रानडुक्कर, माकडं आणि सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे गवे, यांच्यापुढे एकट्याची बाग टिकत नाही.

टप्पा ७: साप, विंचू, ताप

वाघ-बिबट्याची भीती सगळे विचारतात. खरा धोका जमिनीलगतचा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप इथे सगळे आहेत. मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतच नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवरच झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. फुरसं छोटं असतं, कातळावर, दगडाखाली, लाकडाच्या ढिगात. लाकूड काढताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. अंधारात पडवीत जायचं असलं तरी टॉर्च आणि बूट.

चावला तर: अंगठी, घड्याळ काढा, हात-पाय हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन, पण गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा वाडीतल्या माणसाच्या बाइकवर मधे बसून निघणं कितीतरी वेळा जलद पडतं. सापविषावरचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळतं. ते घरी आणून ठेवायची गोष्ट नाही, त्याची रिअॅक्शन येऊ शकते आणि डॉक्टर समोर लागतो.

लाल विंचू चावून दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, असं झालं तर तीच घाई करा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या विषावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून दिलं आणि त्याने पुष्कळ जीव वाचले, पण औषध वेळेवर पोचलं तरच.

पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या-अंग ठणकणं म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) असू शकतो, दुसऱ्या दिवशी दवाखाना. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका. दोडामार्ग-सावंतवाडी भागात हिवाळ्यापासून मेपर्यंत माकडतापाची भीती असते, गोचिडींमुळे होतो, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

चेक: हा टप्पा वाचून "बाइकवर कोण नेईल" याचं उत्तर दोन नावांनी देता येतंय का? येत नसेल तर परत टप्पा तीन.

टप्पा ८: एकटेपणाची शिस्त

रोज ठरलेल्या वेळेला एका माणसाला मेसेज, नुसता "ठीक" एवढा. रेंज नसेल तर वाडीतल्या कुणाशी खूण ठरवा, संध्याकाळी पडवीतला दिवा किंवा सकाळी दोरीवर ठरलेलं कापड. एवढं दिसलं नाही तर त्या माणसाने वर येऊन बघायचं, न विचारता. हे आधी स्पष्ट बोलून ठेवा, संकोचाने कुणी येत नाही असं व्हायला नको.

दिवसाला आकार द्या. उठणं, पाणी, चूल, काम, जेवण, अंधार पडायच्या आत आंघोळ. आठवड्याचा बाजार चुकवू नका, गरज नसली तरी जा. झोप उडाली, जेवण करायचा कंटाळा यायला लागला, दोन-तीन आठवडे कुणाला भेटावंसंच वाटेना, तर त्याला साधना समजू नका. खाली या, घरी पंधरा दिवस राहा, डॉक्टरांना भेटा. दारू एकट्याने सुरू झाली असेल तर त्याच दिवशी निघा.

टप्पा ९: राजीनामा

स्वतःच्या घरात एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक मे आणि एक जुलै धरून, काढल्याशिवाय नोकरी पूर्ण सोडू नका. रजा, अर्धवेळ, घरून काम, काहीही करून हे वर्ष काढा. दोन वर्षांचा खर्च बँकेत हवा आणि शहरात परत जाऊन तीन महिने खोली घेता येईल एवढे पैसे वेगळे, त्यांना हात लावायचा नाही. आरोग्य विमा नोकरीचा असेल तर राजीनाम्याच्या आधीच स्वतःचा काढा, कारण आधीपासूनच्या आजारांना बऱ्याच पॉलिसींमध्ये थांबायची मुदत असते. बँकेत, पीएफला नॉमिनी भरा, मृत्युपत्र करा, त्याची एक प्रत घरच्यांकडे.

घरच्यांना पत्ता, जीपीएस लोकेशन, पोलीस पाटलांचा नंबर आणि शेजारच्या वाडीतले दोन नंबर लिहून द्या. तेच नंबर, जवळच्या रुग्णालयाचं नाव, तुमचा रक्तगट आणि चालू असलेली औषधं एका जाड पुठ्ठ्यावर लिहून, वर प्लास्टिक लावून दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने ठोका. दर मे महिन्यात तो पुठ्ठा काढून नंबर बदललेत का ते फोन लावून बघा.